आत्याचं 'चालेल'

आमच्या आत्याला काहीही चालतं. शिळं चालतं, गार चालतं, पाय मोडलेली खुर्चीसुद्धा चालते. तिच्या या 'चालेल'ला मी लहानपणापासून वैतागलो आहे. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांचे कपडे ती डोळ्यांत तेल घालून शिवते, आणि स्वतःची बाही वर्षानुवर्षं उसवलेली.

पण भलतीच चौकस. दुकानाच्या मागच्या खिडकीसमोर एका चायनीज हॉटेलचं स्वयंपाकघर आहे. रोज दुपारी तिकडून असा खमंग वास येतो, की हिचं मशीन थांबतं. "नुसता लसूण नाही रे तो. आणखी काहीतरी आहे." हे मी किती वेळा ऐकलं, देव जाणे. तो पदार्थ एकदा चाखायचा, याखेरीज तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून वाढदिवसाला तिला तिथेच घेऊन गेलो.

संध्याकाळी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. वेटर आला, आणि मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "आमचं साधंच करा हो. काहीही चालेल."

त्याने ते मनावर घेतलं. कोमट, पाणचट सूप आणि एकमेकांना चिकटलेले पांढरेफटक नूडल्स आले. मी चडफडलो.

"चालेल रे." तिने वाडगा नाकाशी नेला. तिचं तोंड एवढंसं झालं. "पण हा तो वास नाही."

मग मान लांब करून ती शेजारच्यांच्या ताटांत डोकावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेही तो वास नव्हता. तिने सरळ वेटरलाच गाठलं. "दादा, दुपारी मागच्या खिडकीतून येतो, तो वास कशाचा?"

तो हसला. "ते इथे मिळत नाही, मावशी. दुपारी हॉटेल बंद असतं तेव्हा आम्ही आमच्यापुरता भात परततो. लसूण, सुकी मिरची, तिळाचं तेल."

"मग गिऱ्हाइकांना का नाही देत?"

"गिऱ्हाइकांचं सगळं घाईत. हे आपलं सावकाश, आपल्याला आवडतं तसं."

"आपल्याला आवडतं तसं?" तिने पुन्हा विचारलं, जणू ऐकण्यात चूक झाली असावी. घरी येईपर्यंत ती आपल्याशीच मान हलवत होती. बिचारी हिरमुसली असं वाटून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात डोकावलो. मशीन बंद. चहाच्या शेगडीवर छोटी कढई, आणि खोलीभर तोच वास. आत्या स्टुलावर बसून डोळे मिटून खात होती.

मी हावरटासारखा हात पुढे केला. "थोडं मला?"

तिने कढई आपल्याकडे ओढली. "नाही. माझ्यापुरतंच केलंय."

मी हात मागे घेतला. मग "चालेल" म्हणालो, आणि खुशीत बाहेर पडलो.