जाळीतला उकिरडा

मुंगसाने दोन कोंबड्या नेल्यावर उरलेल्या पाच जणींना मी परसात जाळी लावून कोंडलं. रामवाडीतल्या आमच्या घरामागे तेवढीच जागा होती. पंधरा दिवसांत त्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. एका सकाळी बघते तर चौघी मिळून पाचवीच्या शेपटीखालचं उघडं मांस टोचून खात होत्या.

मासे विकायला येणारी मावशी खाडीकाठच्या गावची. तिने जाळीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "कोंबडीला उकरायला काय नाय ठेवलंस, तर ती शेजारणीलाच उकरणार गो. उकिरडा टाक आत."

जखमी कोंबडीला हळद लावून मी वेगळं ठेवलं आणि शेजारच्या गोठ्यामागून जुन्या शेणाची दोन घमेली आणली. ओतताना अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत माझ्या पायावर पडल्या. मी तिथेच ओकले. कोंबड्या मात्र ढिगावर तुटून पडल्या, त्या संध्याकाळपर्यंत उकरतच होत्या.

चार दिवसांत पिसं उपटणं थांबलं. जखम भरल्यावर पाचवीलाही आत सोडलं, तर तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता दर आठवड्याला नाकाला पदर लावून मी नवा ढीग टाकते. नवरा म्हणतो, बलक कसा केशरी झालाय बघ. मी त्याला दोन अंड्यांची पोळी करून देते आणि तो जेवेपर्यंत ओटीवर जाऊन बसते.