स्फटिक घासणाऱ्या मावशी

चष्म्याचं दुकान बंद पडलं तेव्हा मावशी पंचेचाळीसच्या होत्या. वीस वर्षं काचा घासण्यात गेलेली, दुसरं काही येत नव्हतं. किरणोत्सर्ग ओळखणारे स्फटिक बनवणाऱ्या कारखान्यात घासकामाला माणूस हवंय, हे थोरल्या जावेच्या कानावर आलं. तिने मावशींना हाताला धरून तिथे नेलं.

कारखान्याच्या प्रमुख बाईंनी मुठीएवढा स्फटिक दाखवला. "किरण पडले की हा आतून लकाकतो. ती लकाकी इतकी पुसट, की ती फक्त यंत्रालाच कळते. पण हा मिठाच्या जातीचा. ओल लागली की गढूळ झालाच."

म्हणून काम कोरड्या हवेच्या बंद काचपेटीत, तिच्यात बसवलेले रबरी हातमोजे घालून. पहिल्याच आठवड्यात मोज्याला चीर गेली ती मावशींच्या लक्षात आली नाही. तीन आठवडे भट्टीत वाढवलेला स्फटिक संध्याकाळपर्यंत दुधाळ.  मावशी तशाच बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या हातून वाटोळं झालं. उद्यापासून येऊ नका म्हणालात तरी चालेल."

"उद्या अर्धा तास लवकर या. मोजे कसे तपासायचे ते दाखवते. मीही दोन स्फटिक घालवलेत."

"मग मी तुमच्यापेक्षा एकाने बरी," मावशी बोलून गेल्या आणि जीभ चावली. बाई मात्र खो-खो हसल्या.

पुढे गॅमा आणि न्यूट्रॉन हे किरणोत्सर्गाचे दोन्ही प्रकार ओळखणारा नवा स्फटिक आला. गॅमाची लकाकी झटकन चमकते, न्यूट्रॉनची जरा रेंगाळते. त्यावरून यंत्राला फरक कळतो. हे सगळे स्फटिक मावशींच्याच हातून पॉलिश होऊन गेले.

एके दुपारी पोलाद वितळवणाऱ्या कारखान्याचा फाटकवाला त्यांना शोधत आला. त्यांच्याकडे आलेल्या भंगाराच्या ट्रकमध्ये जमिनीतली ओल मोजायचं जुनं यंत्र दडलं होतं, आत किरणोत्सर्गी कुपी. गॅमा लोखंडाने अडवले, न्यूट्रॉन आरपार आले. फाटकावरच्या यंत्रात मावशींनी घासलेला स्फटिक होता, त्यामुळे भोंगा वाजला आणि याने ट्रक अडवला.

"भट्टीत गेलं असतं तर आम्ही चाळीस माणसं त्या धुरात असतो, मावशी. तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? मला शिकवलं त्या बाई आत आहेत," म्हणत मावशींनी त्याला बाहीला धरून आत नेलं.

"मी काय केलं? घासलं यांनी," बाई म्हणाल्या.

"आणि ट्रक यांनी अडवला," मावशी म्हणाल्या.

तिघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. शेवटी बाईंनी मागवलेला चहा गार होतोय म्हणून प्यायला बसले.