प्रभूत निजलो, आणि उठलो

"प्लुरल इफ्युजन," डॉक्टर एक्स-रे खिडकीशी धरून म्हणाले. "मास्तर, फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी भरलंय. बहुतेक टीबीचं. सुईने काढावं लागेल."

अकरा दिवस मी आडवा झालो नव्हतो. पाठ टेकली की बुडत असल्यासारखा दम लागे. भिवंडीत खोकला म्हणजे छातीत गेलेला पॉवरलूमचा कापूस, अशी सगळ्यांची समजूत. मी शाळेत शिकवणारा, तरी तीच धरून बसलो. तुम्ही बसू नका.

वॉर्डात रोज पौलसभाऊ येत. आमच्या चर्चचे पंच. वीस वर्षं त्यांची नजर चर्चमध्ये वाजवायच्या पेटीवर, आणि पेटी माझ्या हातात. माझ्या कपाळावर तळवा दाबून ते गरजत, "प्रभू, आमच्या भावासाठी तुझ्या घरी जागा तयार ठेव!"

"घाई नाही, भाऊ," मी धापा टाकत म्हणे.

"मास्तर, देहाचा मोह सोडा."

"तुम्ही पेटीचा सोडा!"

मरणाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की माझ्या मातीला हा माणूस बेसूर गाणार आणि मला उठून जाता येणार नाही. देवाशीही मी भांडलो. म्हटलं, न्यायचं तर ने, पण आधी याचा गळा बसव.

सुईने बरणीभर पिवळं पाणी निघालं. मी पाठ टेकली आणि गाढ झोपलो. माझी बायको मार्था आनंदाने शेजाऱ्यांकडे फोन करायला धावली. "सगळ्यांना सांगा, हे निजले!"

आता, आमच्या मंडळीत माणूस मरत नाही, तो प्रभूत निजतो. 'प्रभूत' हा शब्द पौलसभाऊंनी पदरचा घातला.

जाग आली ती गाण्याने. पायथ्याशी पांढऱ्या कपड्यांत सहा जण, पौलसभाऊंच्या हातात हार. डोळे मिटून गात होते, म्हणून माझे उघडलेले त्यांना दिसले नाहीत.

शेजारच्या खाटेवरचा लूम कामगार कुजबुजला, "मास्टरजी, ये किसके लिए गा रहे हैं?"

"मेरे लिए."

"तो लेटे रहिए. खतम होने दीजिए."

मला राहवेना. "भाऊ, पट्टी उतरवा, पांढरी दोन घ्या. हा सूर तुम्हाला झेपत नाही."

हार खाली पडला. "मास्तर," पौलसभाऊ संतापून म्हणाले, "निरोप तरी नीट धाडत जा!"

नऊ महिने गोळ्या घेतल्या. लघवी लाल व्हायची. घाबरू नका, ते औषधाने होतं. बरं वाटलं म्हणून एकही गोळी चुकवू नका. मी चुकवली नाही, कारण पेटी रिकामी दिसली असती तर पौलसभाऊ तिच्यावर बसले असते.

काही वर्षांनी निरोप आला, पौलसभाऊ निजले. मी दोनदा विचारलं, "नक्की कसे?" मग जाऊन त्यांच्या हाताला हात लावला. गार होता.

त्यांच्या मातीला मीच वाजवलं, पांढरी दोनमध्ये. मुद्दाम एक सूर चुकवला. म्हटलं, भाऊ, उठा आणि भांडा. उठले नाहीत.

भांडण अर्धंच राहिलं. ते पुरं होणार, यावर माझा विश्वास आहे, आणि त्याबद्दल मी देवाचा आभारी आहे. पौलसभाऊंनी तिथे माझी जागा तयार ठेवावी. पेटीजवळची.