तावेरेतच्या पोटावरचं कापड

माझ्या शिवणाच्या दुकानावर बेली डान्सचा क्लास आहे. खाली मी मशीन चालवते, वर बायका कंबर चालवतात. संध्याकाळ झाली की छताचा चुना माझ्या कापडावर पडायला लागतो. मग मी काठीने छत ठोकते. वर कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, उलट माझ्या ठोक्यांवर त्या ताल धरतात. माझं डोकं फिरतं, पण क्लास घेणारी माझी मैत्रीण आहे, त्यामुळे बोलायचीही सोय नाही.

तिला सगळे सिस्टरच म्हणतात, कारण अर्ध्या गावाची बाळं तिच्या हातून जगात आली. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात तिची अख्खी नोकरी झाली. कळा येत असताना एखादी बाई भिंतीकडे तोंड करून लाजायला लागली, की सिस्टर गरजायची, "लाजायचं नंतर, आधी जोर लावा!" माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी ती माझ्यावरही हेच ओरडली होती. त्या क्षणी तिचा गळा धरावासा वाटला होता मला. आता आम्ही एका डब्यात जेवतो.

वाकून वाकून तिची पाठ गेली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. तेव्हा एका परदेशी इंजिनिअरची बायको गावात हा नाच शिकवायची. सिस्टर पाठीसाठी म्हणून गेली आणि पाठ बरी झाली तरी जातच राहिली. पुढे इंजिनिअरची बदली झाली, आणि बाईंनी घुंगरांचे पट्टे, कॅसेटचा डबा आणि क्लास असं सगळं हिच्या पदरात टाकलं. जाताना बजावलं, की स्टेजवर झकास, जुन्या इजिप्तमधलं नाव लाव.

नाव शोधायचं काम पेंटरने अंगावर घेतलं. पेंटर म्हणजे सिस्टरचा नवरा. गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. हा माणूस नाव वाचत नाही, ते पाटीवर बसतं कसं ते बघतो. वाचनालयातून इजिप्तवरचं जाडजूड पुस्तक आणून तो थेट शेवटच्या नावांच्या यादीवर गेला. पुढची पानं उघडायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. "हत्शेप्सुत? छे, जोडाक्षरांतच पाटी संपेल," असं करत करत एका नावावर त्याचं बोट थांबलं. "तावेरेत! अगं बघ, दोन्ही कडांना त, मधे दोन मात्रा. काय डौल आहे!"

"अहो, पण ही कोण?"

"देवी आहे, इथे लिहिलंय. देवी म्हटल्यावर देखणीच असणार."

झालं. जिन्याशी सोनेरी अक्षरांत तावेरेत झळकली.

आता आतली गोष्ट. सिस्टरला पोट आहे, आणि चांगलं घसघशीत आहे. क्लासमधल्या बायका बिनधास्त पोट उघडं टाकून नाचतात, आणि शिकवणारी मात्र झाकून! तिच्या प्रत्येक पोशाखाला मी आतून अंगाच्या रंगाचं घट्ट कापड लावून द्यायचे. दुरून बघणाऱ्याला वाटावं, काय सपाट बाई आहे! मी एकदा म्हटलंही, "त्यांना सांगतेस लाजू नका, आणि स्वतः?"

"शिकवणाऱ्याचं वेगळं असतं. तू कुणाला बोलू नकोस."

मी गोष्ट पोटात ठेवली आणि तिचं पोट कापडात ठेवलं.

यंदा क्लासचा पहिलावहिला मोठा कार्यक्रम ठरला. शेवटचा नाच सिस्टरचा एकटीचा. चौकाचौकांत पेंटरने हातभर अक्षरांत तावेरेत लावली. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तालीम आटोपून सगळ्या माझ्या दुकानात चहाला बसल्या होत्या. क्लासमधल्या सर्वांत थोरल्या विद्यार्थिनी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाई. त्या कौतुकाने म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला मानलं. पाणघोडीचं नाव स्वतःला लावून घ्यायचं, म्हणजे धाडस हवं."

सिस्टरचा कप हवेतच थांबला.

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून तावेरेतचं चित्र दाखवलं. दोन पायांवर उभी, भलंमोठं पोट पुढे काढलेली पाणघोडी. सिस्टरने पाहिलं. तिला न्यायला आलेल्या पेंटरने पाहिलं. मी पाहिलं आणि मला हसू आवरेना. हसायला नको होतं, पण हसले.

"अहो, गावभर मला पाणघोडी म्हणून रंगवलंत?"

"अक्षरं बसलीत की पण छान," पेंटर पुटपुटला.

"मी स्टेजवर पाय ठेवणार नाही! लोक आधीच पोटाकडे बघतात, आता नाव वाचून बघतील."

इतिहासाच्या बाई भांबावल्या. "अहो, मला वाटलं तुम्ही मुद्दाम घेतलंय. बाळंतिणींची राखण करणारी देवी ती. बायका तिची मूर्ती घरात ठेवायच्या. मी तर तुमची पाटी वाचूनच जिना चढले. नाहीतर या वयात, हे पोट घेऊन, दुसऱ्या कुणाच्या क्लासात गेले असते मी?"

सिस्टर चहा तसाच टाकून निघून गेली, आणि तालमींनाही आली नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी पडद्यामागे सुईदोरा घेऊन बसले होते. ती येणार नाही याची मला खात्रीच होती. शेवटच्या नाचाला थोडा वेळ उरला असताना ती आली. पोशाख घातलेला, चेहरा पांढराफटक.

"उसव," ती म्हणाली.

"काय उसवू?"

"हे पोटावरचं कापड. टाके उसव."

"अगं, आत्ता? लोक हसतील." मी स्वतः हसले होते ना, म्हणून मला भीती जास्त.

"उसव म्हणते ना!"

मी उसवलं. इतकी वर्षं माप घेतलं, पण ते पोट मी कधी पाहिलं नव्हतं. एक जुना टाक्यांचा वण होता आणि भोवती फिकट रेघा. माझ्या पोटावर आहेत तशाच.

ढोल सुरू झाला. ती स्टेजवर गेली, उजेड अंगावर पडला, आणि ती खिळल्यासारखी उभी राहिली. दोन्ही हात पोटावर आले. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पेंटर खुर्चीतून अर्धा उठला, काय करावं कळेना, पुन्हा बसला. ढोलवालाही थांबला.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "सिस्टर, लाजायचं नंतर, आधी जोर लावा!"

मग कोपऱ्यातून दुसरी ओरडली, "जोर लावा!" मग तिसरी, मग रांगच्या रांग. ज्या ज्या बायकांवर ती वॉर्डात गरजली होती, त्या सगळ्या तिकीट काढून आल्या होत्या. मीही विंगेतून बेंबीच्या देठापासून ओरडले. उट्टं काढायची अशी संधी कोण सोडतं?

सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. पोटावरचे हात तिने काढले, कमरेवर ठेवले आणि सवयीने दरडावलं, "गप्प बसा! वॉर्डात आवाज नको!"

सभागृह हसून कोसळलं. आपण काय बोललो ते कळल्यावर तीही हसायला लागली. हसता हसता तिचं पोट हलायला लागलं, आणि ढोलवाल्याने नेमका तोच ताल उचलला.