हिरवी झालेली नळी

यीस्टसारखा इवलासा जीवही उपासमारीच्या भीतीने पोटात साखर साठवून ठेवतो. ती किती, हे मोजण्यात झाशीच्या अनुसूयाने आपली उमेदीची वर्षं घातली. पेशी उकळायच्या, त्या पाण्यात तीव्र आम्ल आणि रसायन घालायचं. नळी जितकी गडद हिरवी तितकी साखर जास्त. काम किचकट, मानधन नावापुरतं, आणि सदर बाजारातून सायकलने जाताना "शादी कब कर रही हो, दीदी?" हे रोजचंच.

नळ्या पुसायला फडकी आई, कमळाबाई, द्यायची. वडील गेल्यावर त्यांची धोतरं त्यांनी कुणाला दिली नाहीत. उकळून, फाडून, घड्या घालून लेकीच्या पिशवीत ठेवली. "इतकं मऊ कापड बाजारात मिळायचं नाही," म्हणायच्या.

तुलनेसाठी नुसत्या पाण्याची एक नळी असे. तिला कधी फडकं लागत नसे, विसळून पालथी घातली की झालं. एक दिवस ती फुटली. अनुसूयाने दुसरी पुसून घेतली, आणि नुसतं पाणी हिरवं झालं. फडक्याचे सुती तंतू नळीला चिकटत, आणि त्यांचीही त्या आम्लात साखर होते. इतके दिवस ती यीस्टबरोबर वडिलांचं धोतर मोजत होती.

तिने सगळं पुन्हा मोजलं. साखर निम्मीही भरली नाही. तिने फडक्याची गोष्ट सांगितल्यावर तिचे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "बेटी, हमारा पेपर छप चुका है. पुराने आँकड़े ही लिखो." तिने लिहिले नाहीत. सरांनी प्रबंधावर सही केली नाही. पुढे सर विभागप्रमुख झाले आणि अनुसूया झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावी शाळेत विज्ञान शिकवू लागली. असल्या न्यायाची शिसारी येते, पण आली म्हणून काय होतं?

आईला तिने "सरांशी पटलं नाही" एवढंच सांगितलं. "जरा वाकली असतीस तर काय बिघडलं असतं?" हे वर्षानुवर्षं मुकाट ऐकून घेतलं. फडक्यांचं नाव काढलं नाही.

शेवटी कमळाबाईंना राहवेना. लेकीला न सांगता अनारशांचा डबा घेऊन त्या सरांच्या घरी माफी मागायला गेल्या. "लड़की की जबान तेज है, भैया, माफ कर दो." सरांनी अनारसा तोंडात टाकला आणि हसून म्हणाले, "जबान नहीं, माताजी, गड़बड़ तो आपके कपड़े में थी."

संध्याकाळी अनुसूया मोठहून परतली तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. सरांकडचं सगळं सांगून तिने विचारलं, "माझ्यामुळे गेलं का गं तुझं सगळं?"

"नाही," अनुसूया म्हणाली. जिने एक खोटा आकडा लिहायला नकार देऊन सगळं घालवलं, ती आईच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली. आणि आईला ते पटलं नाही.