मुलीच्या मामांना बोलवा

गंधाली सबनीस जेवता जेवता मधूनच डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर दाबते. घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटतं, मुलीला काहीतरी होतंय. मग तिची आई आमटी वाढता वाढता सांगते, "काही नाही हो, सेव्ह करतेय."

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या माणसाला ही खोड लागतेच. ज्या सॉफ्टवेअरवर पोट चालतं, ते ऐन रंगात आलेल्या वरातीच्या मध्यावर मान टाकेल की गुमान चालेल, याचा नेम नसतो. गंधालीच्या हातून एकदा कुणाची तरी आख्खी हळद अशी वाहून गेली होती. नवरी पिवळी झाली, करवल्या नाचल्या, आणि सेव्ह न करता पडदा काळा झाला. तेव्हापासून बोटांनी जो धसका घेतला तो घेतलाच.

बी.कॉम. झाल्यावर तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, अशी तिच्या बाबांची साधी अपेक्षा होती. विद्याधर सबनीस विमा कंपनीतून निवृत्त झालेले. घाटकोपर पूर्वेच्या त्या इमारतीत त्यांना हसताना पाहिलेला माणूस शोधावा लागेल, आणि फोटोत हसताना पाहिलेला तर सापडणारच नाही. फोटोत हसणारा माणूस त्यांच्या मते एकतर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर टूथपेस्ट विकत असतो. गंधालीने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंग शिकायला सुरुवात केली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या लग्नात दिवसभर उभं राहायचं आणि नंतर महिनाभर तेच लग्न बघत बसायचं. हे काय काम आहे?"

आता याला उत्तर काय देणार? काम हेच होतं.

पण पोरगी चिवट. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची लग्नं करता करता तिचं नाव झालं. नितेश नावाचा कॅमेरावाला मित्र भागीदार म्हणून मिळाला. तो तयार व्हिडिओ बाहेर काढायचं एक्सपोर्ट चालू असताना कॉम्प्युटरच्या आसपास कुणाला शिंकूही देत नाही. टक्के नव्व्याण्णववर अडकले की चपला काढून उभा राहतो. असा श्रद्धाळू भागीदार मिळायलाही नशीब लागतं. दोघांनी मिळून साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेतला. शेजारी लेथ मशीनचं वर्कशॉप, वर कुरियरवाले, मध्ये यांचा स्टुडिओ. उद्घाटन रविवारी ठरलं. नारळ बाबांनी फोडायचा, हे गंधालीच्या मनात पहिल्यापासून पक्कं होतं. आठवडाभर आडून आडून विचारल्यावर बाबा म्हणाले होते, "येईन. किती वाजता ते सांग." एवढ्यावर ती दोन दिवस हवेत होती. बाबांनी तिच्या कामाला आजवर दिलेलं ते एकमेव सर्टिफिकेट होतं.

आणि नेमकी उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी तिने माती खाल्ली.

झालं असं, की आत्याच्या मुलीचं, सईचं, लग्न मुलुंडच्या एका हॉलमध्ये झालं होतं. घरचंच कार्य. व्हिडिओ म्हणजे गंधालीकडून आहेर. एक कॅमेरा नितेशकडे, दुसरा स्वतः गंधालीकडे. पण एडिटिंगला बसायची वेळ आली तेव्हा गाळ्याचं रंगकाम, वायरिंग आणि दारावरची पाटी सगळं एकदम अंगावर आलं. त्यातच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. लग्नाच्या हंगामात अपडेट करायचं नाही, हा या धंद्यातला अलिखित नियम. गंधालीने तो मोडला, कारण नव्या आवृत्तीत एक झकास सोय होती. सगळं फुटेज ओतायचं, काय नको ते सांगायचं, आणि सॉफ्टवेअर आपलं आपण चांगल्या क्लिप निवडून ओळीने लावून देतं. गंधालीने सांगितलं: डोळे मिटलेले नकोत, हललेले नकोत, थेट कॅमेऱ्याकडे बघणारे तर मुळीच नकोत. कॅमेऱ्याकडे बघणारा पाहुणा म्हणजे एडिटरच्या डोक्याला ताप. समोर अंतरपाट धरलेला असतो आणि हा आपला कॅमेऱ्यात टक लावून उभा.

सॉफ्टवेअरने चहा संपायच्या आत सगळं लग्न लावून दिलं. गंधालीने त्यावर गाणी चढवली, रंग सारखे केले आणि मोकळी झाली.

एरवी ती असं कधीच करत नाही. कुठलंही लग्न हातात घेतलं की ती आधी घरच्यांना फोन करून मानाची माणसं विचारते. दोन्हीकडचे मामा कोणते, थोरले जावई कोण, कुठल्या काकू दिसल्या नाहीत तर महाभारत होईल. मग ती माणसं दिसतायत ना, हे एकेक करून तपासते. नवरीचे डोळे एखाद्या वेळी मिटलेले चालतात, पण थोरले जावई गायब झालेले चालत नाहीत. या वेळी मात्र तिने कुणाला काही विचारलं नाही. स्वतःच्या घरची माणसं काय विचारायची?

सई नवऱ्यासोबत माहेरी जेवायला आली, त्या दिवशी आत्याच्या बोरिवलीच्या घरी सगळा गोतावळा टीव्हीसमोर बसला. सुरुवात तर फक्कड झाली. आत्या दर दोन मिनिटांनी डोळे पुसत होती. मग पडद्यावर गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "मुलीच्या मामांना बोलवा! मामांनी मुलीला घेऊन यावं!"

आणि पडद्यावर हॉलचं वरून घेतलेलं दृश्य आलं. मग झेंडूची माळ आली. मग एकदम सई बोहल्यावर उभी.

"अगं, दादा कुठेय?" आत्या म्हणाली.

सईचा मामा म्हणजे गंधालीचे बाबा. सईला हाताला धरून तेच घेऊन आले होते. मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे तेच उभे होते. आता सगळं घर मामांना शोधायला लागलं. पंगतीत मामा नाहीत. सप्तपदीला नाहीत. निरोपाच्या वेळी सईच्या कोपराजवळ एक हात दिसला, तो मामांचा असावा यावर एकमत झालं. सईचा नवरा नवा, त्याला काय कल्पना. तो हसत म्हणाला, "मामांनी त्या दिवशी रजा टाकली होती वाटतं!" सगळे खो खो हसले.

बाबा हसले नाहीत, पण ते कधीच हसत नाहीत, तेव्हा त्यावरून काही कळेना. व्हिडिओ संपल्यावर "चांगला झालाय" म्हणाले आणि पाणी मागितलं. परतताना टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसले. सकाळी गंधाली समोर चहा पीत बसलेली असताना त्यांनी तिच्या आईला सांगितलं, "तिला सांग, रविवारचं माझं जमेलसं वाटत नाही."

ते आंघोळीला गेल्यावर आई म्हणाली, "लग्नात जावई रुसलेला बघितलाय मी. मामा रुसलेला पहिल्यांदाच बघतेय. काहीतरी कर बाई."

गंधाली तडक साकीनाक्याला गेली. गाळ्यात नितेश शिडीवर चढून ट्यूबलाइट बसवत होता. तिने सगळं सांगितलं तसा तो वरूनच ओरडला, "वाट लागली ना! जगाला मानाची माणसं विचारतेस आणि घरच्या लग्नात मामा कापलास? स्वतःचा बाप, यार!"

"मी नाही रे कापला. सॉफ्टवेअरने कापला."

"ते सांग जाऊन काकांना. म्हणावं, सॉफ्टवेअरची चूक आहे, त्याच्यावर रुसा."

तिने कॉम्प्युटर चालू केला आणि सॉफ्टवेअरने नाकारलेल्या क्लिपांचा ढीग उघडला. प्रत्येक नाकारलेल्या क्लिपखाली कारण लिहून येतं. तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातली बाबांची पहिली क्लिप सापडली. कारण: कॅमेऱ्याकडे पाहिले. दुसरी सापडली. कॅमेऱ्याकडे पाहिले. तिसरी, चौथी, पुढच्या सगळ्या. तेच कारण.

पहिल्यांदा तिला रागच आला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने घरात सगळ्यांना बजावलं होतं, की कॅमेरा आहे हे विसरून जा, त्याच्याकडे बघू नका. सगळ्यांनी ऐकलं, अगदी आत्याच्या पाच वर्षांच्या नातवानेसुद्धा ऐकलं. आणि आयुष्यभर नियमावर बोट ठेवून चाललेला हा माणूस, सईचा हात धरून येताना कॅमेऱ्याकडे बघतोय. सप्तपदीला कॅमेऱ्याकडे बघतोय. पंगतीत पानावर बसलाय, घास हातात, आणि बघतोय कॅमेऱ्याकडे. चेहरा असा, की सरकारी ओळखपत्राला लगेच चालेल.

मग तिने नितेशच्या कॅमेऱ्याचं फुटेज लावलं. त्यातही बाबा होते, पण बाजूने दिसत होते; नितेश फिरत फिरत शूट करत असल्याने त्या क्लिपा 'हललेल्या' म्हणून बाद झाल्या होत्या. नितेशच्या कॅमेऱ्याकडे त्यांनी एकदाही बघितलेलं नव्हतं. त्यांची मान वळली होती ती हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात गंधाली एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून शूटिंग करत उभी होती.

गंधालीने क्लिप मागे नेली. पुन्हा लावली.

स्टूल जरा डुगडुगलं की बाबांची नजर खाली स्टुलाच्या पायांकडे जायची. एकदा सरबताचा ट्रे घेऊन वेटर तिच्या वायरीवरून निघाला, तर बाबांनी सप्तपदी चालू असताना हात उंच करून त्याला तिकडून फिरवलं. आणि मंगलाष्टकांच्या शेवटी "सावधान" झालं, सगळ्या हॉलने वधूवरांवर अक्षता उधळल्या, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा सईच्या मागे उभे असलेले बाबा गंधालीकडे बघत होते. टाकायच्या अक्षता मुठीत तशाच राहिल्या होत्या. मग कुणीतरी धक्का दिला, आणि त्यांनी घाईघाईने त्या कुठेतरी टाकल्या. बहुधा गुरुजींवर.

गंधालीला रडू फुटलं. काही आडपडदा न ठेवता ती रडली.

"एसीची हवा लागली काय डोळ्याला?" नितेश शिडीवरून उतरत म्हणाला.

"आपल्याकडे एसी कुठेय?"

"म्हणूनच विचारलं," तो म्हणाला, आणि चहा सांगायला बाहेर निघून गेला. श्रद्धाळू असला तरी माणूस समजूतदार आहे.

तिने सगळं लग्न नव्याने लावलं. बाबांच्या क्लिपा जिथल्या तिथे बसवल्या, कॅमेऱ्याकडे बघणाऱ्याच. ही तिच्या धंद्यातली सरळसरळ चूक होती, आणि ती तिने मन लावून केली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन घरी आली तेव्हा बाबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, माझं चुकलं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी होतात आणि मीच तुम्हाला वगळलं. आता बघा, सगळीकडे आहात."

बाबांनी चष्मा वर सरकवला. थोडा वेळ बघितलं आणि स्वतःच बटण दाबून व्हिडिओ थांबवला.

"मी दिसलो नाही म्हणून रागावलो, असं कोण म्हणालं तुला?"

"म्हणजे? मग काय झालं?"

"हा चेहरा मी रोज दाढी करताना बघतो. तो टीव्हीवर कशाला हवाय?" बाबा म्हणाले. मग पेपर बाजूला ठेवत म्हणाले, "तू दिसली नाहीस."

गंधालीला काही कळेना. "मी शूटिंग करत होते ना."

"तेच सांगतोय. आख्खं लग्न बघितलं मी परवा, तू कधी येतेस म्हणून. आत्याचे शेजारी आले, त्यांचा ड्रायव्हर आला. आमची मुलगी नाही. सकाळपासून त्या स्टुलावर उभी होतीस, पंगतीला बसली नाहीस, मला दिसत होतं की. उद्या सईची मुलं हे बघतील आणि विचारतील, गंधालीमावशी आली नव्हती का लग्नाला? काय सांगायचं त्यांना?"



"पण मग रविवारी येणार नाही असं का म्हणालात?"

"येऊन काय करू? मी नारळ फोडणार, तो नितेश पेढे वाटणार, आणि तू पुन्हा त्या कॅमेऱ्याच्या मागे. तुझ्या स्टुडिओचं उद्घाटन, आणि तुझाच फोटो नाही. माझ्याच्याने नाही बघवत ते." बाबा पेन्सिल शोधायला लागले. ती त्यांच्या कानावरच होती. "कॅमेरा त्या मुलाकडे दे. माझ्या शेजारी उभी राहणार असशील तर येतो."

"राहते," गंधाली म्हणाली. "राहते ना, बाबा."

"आणि आधी जेवून घे," बाबा म्हणाले, आणि लॅपटॉपवरचं बटण दाबून राहिलेलं लग्न बघायला लागले.