मामींच्या सीटखालची नळी

आमच्या हिच्या मामांइतका थरथरीचा वैरी अख्ख्या छत्तीसगडात दुसरा कुणी नसेल. माणसं आवाजाला कंटाळतात, धुळीला कंटाळतात, शेजाऱ्याला तर हमखास कंटाळतात. मामांना थरथरणारी वस्तू खपत नसे. पंखा डुगडुगला की हे जेवणावरून उठत. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा लोकांनी पेढे मागितले, मामांनी स्टीलचा पेला मागितला. तो काठोकाठ भरून त्यांनी फ्रिजवर ठेवला आणि पाण्यातल्या लहरी दहा मिनिटं न्याहाळून म्हणाले, "जावईबापू, याले तर हिवताप आला आहे." त्या दिवसापासून मलाही त्या फ्रिजचा राग यायला लागला.

रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. मामांनी रायपूरच्या बुढापारा भागातल्या घराच्या अंगणात मोटार बांधायला घेतली. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवर विलायती लोकांची एक बुटकी, दोन माणसांची, उघडी गाडी होती; तिची हुबेहूब नक्कल. इंजिन एका भंगारातल्या लहान गाडीचं, पत्रा मामांनी स्वतः ठोकलेला, आणि डोळ्यांसमोर ते कॅलेंडर दोरीवर वाळत घातल्यासारखं टांगलेलं. दरवाजाची कडी चित्रापेक्षा बोटभर खाली बसली म्हणून त्यांनी आख्खा दरवाजा पुन्हा केला होता. याला हौस म्हणायचं की हट्ट, हे मी आजवर ठरवू शकलो नाही.

खरं कारण मात्र मामी होत्या. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. बसायला हरकत नाही, पण हादरे नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि रायपूर नुकतं राजधानी झालेलं! जो रस्ता पाहावा तो रुंदीकरणासाठी उकरलेला. मामी एकदाच ऑटोत बसल्या आणि आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. शंकर नगरात राहणारी त्यांची थोरली बहीण गुडघ्यांनी जागची हलत नव्हती. दोघी बहिणी एका गावात राहून दोन वर्षं एकमेकींना फोनवरच भेटत होत्या. मामांनी गाडीला मऊ स्प्रिंगा घातल्या, सीटमध्ये काथ्या आणि कापूस भरला. खड्डे पचवले. राहिली ती एकच गोष्ट, सायलेन्सर. त्याची नळी नेमकी डावीकडून, मामींच्या सीटखालून जायची आणि इंजिनाची सगळी झिणझिण त्यांच्या पाठीत पोचवायची.

नळी ज्या रबरांवर लटकते ते रबर नीट मिळालं की काम झालं, असं मामा म्हणाले, आणि तिथून आमचे भोग सुरू झाले. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या तर नळी झोके घेऊन गाडीच्या बुडाला आपटायची. मामा गल्लीत शिरले की लोकांना वाटे देवळातली घंटा पडली. स्लिपरचे तळवे लावले ते उष्णतेने वितळले, आणि वायर जळतेय अशा वासाने तीन घरांनी आपापला मेन स्विच बंद केला. कुकरची रिंग कापून लावली, त्या आठवड्यात मामींनी भाजी पातेल्यात शिजवली. ट्रकचं रबर लावलं तर ते इतकं कडक की सीटवर बसून बोललं की आवाज थरथरायचा. दुकानात गेले की मामा रबर दाताने चावून पाहत. दुकानदार म्हणे, "अंकल, ये खाने का नहीं है." मामा चावता चावताच म्हणत, "हव, मालूम है." पंडरीच्या कापडबाजारात ही साड्या निवडत होती तेव्हा हे गृहस्थ दुकानाच्या जनरेटरखाली पालथे पडून त्याच्या पायाचं रबर तपासत होते. साडी राहिली बाजूला, मी मामांना पाय धरून बाहेर ओढलं.

प्रत्येक नव्या रबराला मला सीटवर बसवत, नाहीतर माझा हात नळीजवळ धरवत. "झिणझिणते का? खरं सांगजा." एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, स्वतःचा हात लावून बघा की." त्यांनी आपली बोटं माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "तीस वर्षं कारखान्यात तो हवेवर थडथडणारा हातोडा धरला, बापू. बोटाले काही कळतच नाही आता." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी बोलावलं की मी निमूट जाऊन बसायला लागलो.

मी सुचवलं होतं, नळी उजवीकडून न्या. मामांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "मग नक्कल कशाची?"

आणि मग शंकर नगरातून निरोप आला. मामींचा भाचा दिवाळीनंतर आईला कायमचं पुण्याला नेणार होता. मामी त्या दिवशी अंगणात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अवो, मले गाडी नको. मले ताईले पाहायचं आहे."

मामांनी कॅलेंडर उतरवलं, गुंडाळी करून कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर तळाचा पत्रा कापलेला. नळी उजवीकडे, थेट मामांच्या सीटखाली, आणि झोके घेऊन आपटू नये म्हणून ट्रकच्या कडक रबरावर घट्ट आवळलेली. "मामा, आता सगळं तुमच्या अंगावर येईल," मी म्हणालो. "येऊ द्या," ते म्हणाले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले, मागून मी स्कूटरवर. शंकर नगरात मामी सावकाश उतरल्या, पाठ सरळ केली, "काहीच नाही झालं," असं स्वतःशीच म्हणत आत गेल्या. मामा उतरेचनात. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "हात द्या. कमरेखाली सारं सुन्न झालं. तिले सांगू नका." त्यांना ओट्यावर बसवून मी त्यांचे पाय चोळले. सासऱ्याच्या वयाच्या माणसाचे पाय चोळताना मला मुळीच संकोच वाटला नाही. आतून दोघी बहिणींचं बोलणं येत होतं, मध्येच रडणं, मग हसणं. मामा डोळे मिटून ऐकत होते.

दोन तासांनी मामी डोळे पुसत बाहेर आल्या. "चला," म्हणाल्या.

मामांचे पाय अजून बधिरच होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्यात काहून? बस अजून."